नऊ क्विंटल कापूस आणि एक लॅपटॉप : कापूसपट्ट्यातल्या एका खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी संगणक शिकवतो. सुरुवात एमएस-सीआयटीपासून झाली, पुढे थोडं प्रोग्रॅमिंग आलं, आणि शिकवता शिकवता दुरुस्तीचं कामही अंगावर पडलं. कापसाचे पैसे हातात आले की कुणी ना कुणी विचारायला येतंच, "सर, कोणत्या कंपनीचा लॅपटॉप घेऊ?" २०२४च्या फेब्रुवारीत असेच एक बाप-लेक आले. त्यांच्या परवानगीने हे प्रकरण लिहितो आहे. गावाचं आणि माणसांची नावं देत नाही. आकडे माझ्या वहीतले आहेत.

मुलगी एमसीए झालेली, माझीच जुनी विद्यार्थिनी. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत तिची निवड झाली होती. काम घरून, पगार महिना १८,००० रुपये, पहिले सहा महिने परीक्षेचे. त्या काळात लॅपटॉप स्वतःचा आणायचा, कायम झाल्यावर कंपनी देईल, अशी अट. रुजू व्हायची तारीख १ एप्रिल.

वडील कोरडवाहू शेतकरी. पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर, थोडं सोयाबीन. ते खुर्चीवर टेकले आणि सरळ मुद्द्यावर आले : "सर, पोरीले नोकरी लागली, पण लॅपटॉप घरचाच पाह्यजे म्हणते कंपनी. नऊ क्विंटल कापूस हाय घरात. तेवढ्यात बसवा."

त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,०२० रुपये होता, मध्यम धाग्याचा ६,६२०. म्हणजे सगळं मिळून साठ-बासष्ट हजार. भाव वाढेल या आशेने त्यांनी तो कापूस राखून ठेवला होता. पुढचा प्रत्येक निर्णय या नऊ क्विंटलच्या आत घ्यायचा होता. शहरातला माणूस "अजून दहा हजार टाक आणि चांगला घे" असं सहज म्हणतो. इथे दहा हजार म्हणजे दीड क्विंटल कापूस, वेचणीची मजुरी धरून.

अडचण

घरात एक जुना लॅपटॉप होता, चुलतभावाने दिलेला. चार जीबी रॅम (चालू कामाची मेमरी), फिरती हार्डडिस्क, सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटं. त्यावर नोकरीचं काम होणार नाही हे उघड होतं.

खरी अडचण सल्ल्यांची होती. पुण्यातले भाऊजी म्हणत होते मॅकबुकच घे, आयटीतले सगळे तोच वापरतात. वर्गमित्र म्हणत होता गेमिंग लॅपटॉप घे, ताकद लागते. जिल्ह्याच्या दुकानदाराने बॅग, माऊस आणि अँटीव्हायरस फुकट असलेला एक पातळ चकचकीत लॅपटॉप दाखवला होता. मोबाइलवर सेलच्या जाहिराती वेगळ्याच. मुलीने एका कागदावर सहा ब्रँड लिहून आणले होते आणि प्रत्येकापुढे दोन-दोन लोकांची मतं. एकानेही तिला विचारलं नव्हतं की तू नेमकं काय काम करणार आहेस, आणि बसून करणार कुठे.

तो कागद मी बाजूला ठेवायला लावला. "ब्रँडचं शेवटी पाहू," म्हटलं. वडिलांना हे टाळाटाळीसारखं वाटलं असावं, पण ते काही बोलले नाहीत.

आधी काम मोजलं

कंपनीकडून कामाचं स्वरूप विचारून घेतलं. फ्लटर या साधनात मोबाइल अॅप लिहायचं, आणि त्याचा सर्व्हरकडचा भाग नोड या दुसऱ्या साधनात. तो डॉकरमधून, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, चालवायचा. आयफोनसाठीचं बिल्ड, म्हणजे कोडमधून तयार अॅप बांधणं, कंपनी स्वतःच्या मशीनवर करणार होती. हे एक वाक्य मोलाचं ठरलं. आयफोनचं अॅप बांधायला अॅपलचा एक्सकोड हा प्रोग्रॅम लागतो आणि एक्सकोड फक्त मॅकवर चालतो. ते काम तिच्याकडे असतं तर बाकी सगळी चर्चा तिथेच संपली असती.

माझ्या केंद्रात १६ जीबीचा एक डेस्कटॉप आहे. त्यावर तिला लागणारं सगळं टाकलं : अँड्रॉइड स्टुडिओ आणि व्हीएस कोड ही कोड लिहायची साधनं, डॉकर, ब्राउझरच्या दहा-बारा टॅब, वर एक व्हिडिओ कॉल. टास्क मॅनेजर उघडून दोघं समोर बसलो. एम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचा नकली फोन, सुरू केल्यावर वापर साडेचौदा जीबीपर्यंत गेला. मग एम्युलेटर बंद केला, तिचा स्वतःचा फोन केबलने जोडला आणि अॅप त्यावर चालवलं. आकडा अकराच्या आसपास आला. डॉकर विंडोजवर डब्ल्यूएसएल २ च्या, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या सोयीच्या, आधाराने चालतो, आणि त्याला आवर घातला नाही तर तो मशीनची निम्मी मेमरी वापरू शकतो. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये चार जीबीची मर्यादा लिहिली, तेव्हा वापर दहाच्या खाली आला.

या एका दुपारने अर्धा प्रश्न सोडवला. आठ जीबी पुरणार नाही, सोळा हवेच. अँड्रॉइड स्टुडिओ तेव्हा आठ जीबी किमान म्हणून सांगायचा, पण त्यात डॉकर आणि व्हिडिओ कॉल धरलेला नव्हता. गेमिंग लॅपटॉपात असतं तशा वेगळ्या ग्राफिक्स कार्डची मात्र गरज पडली नाही.

मग घर मोजलं

तिला आठ दिवस एक वही ठेवायला सांगितली. लाईन कधी गेली, कधी आली, एवढंच लिहायचं. आठ दिवसांत ३१ वेळा नोंद झाली. त्यातल्या बहुतेक दहा मिनिटांच्या आतल्या, पण दोन वेळा चार तासांच्या वर.

पुढच्या रविवारी मी मल्टिमीटर घेऊन त्यांच्या घरी गेलो. संध्याकाळी सात वाजता प्लगमध्ये १६८ व्होल्ट होते. वडिलांचा चेहरा पडला. टीव्हीचा स्टॅबिलायझर अशा व्होल्टेजला बंदच पडायचा. मी जुन्या लॅपटॉपचा चार्जर उलटा करून मागचा बारीक मजकूर दाखवला : इनपुट १०० ते २४० व्होल्ट. कमी दाबाने लॅपटॉपचं काही बिघडत नाही. बिघडतं ते अचानक वाढलेल्या दाबाने आणि पावसाळ्यातल्या विजेने. आभाळ गडगडायला लागलं की प्लग काढायचा, हा त्यावरचा खात्रीचा उपाय.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. मुलगी म्हणाली, जुन्या लॅपटॉपच्या कडेला हात लागला की झिणझिण्या येतात. तीन पिनांच्या बोर्डात तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. धातूच्या बॉडीचा कुठलाही लॅपटॉप अशा घरात हाताला चावू शकतो, आणि लोक म्हणतात पीस खराब आला. गावातल्या वायरमनला बोलावून परसात खड्डा घेतला, मीठ आणि कोळसा घालून पाइप पुरला, खोलीपर्यंत वायर ओढली. घरात १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरीचा इन्व्हर्टर होता, पण मुलीच्या खोलीत त्याची लाईन नव्हती, तीही दिली. अर्थिंग धरून सगळं काम १,७०० रुपयांत झालं.

बॅटरीचं गणितही तिथेच मांडलं. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १,८०० वॅट-तास. बॅटरीचं आयुष्य राखायचं तर त्यातले निम्मेच धरावेत, म्हणजे नऊशे. साधा लॅपटॉप ३० ते ४० वॅट घेतो, राउटर दहा, छताचा पंखा सत्तर. सात तास निघतात. गेमिंग लॅपटॉप जोर लावून चालला की एकटाच शंभर-दीडशे वॅट ओढतो, मग तेच गणित चार तासांवर येतं. लांबच्या दोन भारनियमनांशी हे आकडे ताडून पाहिले, तेव्हा गेमिंगचा पर्याय मुलीने स्वतःच कागदावरून खोडला.

लाईन दोन मिनिटं गेली तर लॅपटॉप चालूच राहतो, पण राउटर बंद पडतो आणि कॉल तुटतो. वहीतल्या बहुतेक नोंदी अशाच होत्या. राउटरसाठी १,३०० रुपयांचा छोटा यूपीएस घ्यायचं ठरलं. साठ हजारांच्या खरेदीतली ही सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि रोजच्या कामात सगळ्यात उपयोगी पडली.

त्या दिवशी खोलीतली आणखी एक गोष्ट मी पाहिली आणि तिचा विचार केला नाही. टिनाच्या त्या खोलीत मागच्या भिंतीशी छातीएवढा कापूस रचलेला होता. त्याबद्दल पुढे.

समोरचे पर्याय

मॅकबुक एअर, एम१ चिपचा. २०२० सालच्या शेवटी आलेलं मॉडेल, त्या वेळी ऑफर धरून सत्तर हजारांच्या आसपास. बॅटरी दिवसभर चालते, यात वाद नाही. त्याला पंखाच नाही, म्हणजे आत धूळ ओढली जात नाही. याचं महत्त्व मला तेव्हा कळायला हवं होतं. पण त्या किमतीत रॅम आठ जीबी, आणि ती नंतर वाढवता येत नाही. पंखा नसल्यामुळे बाहेरचं ऊन वाढलं की तो स्वतःचा वेग कमी करून गरमी सांभाळतो. त्याची कामाची मर्यादा कंपनीने ३५ अंशांपर्यंत दिली आहे. बहुतेक लॅपटॉपांवर हाच आकडा असतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात घरातसुद्धा पारा त्याच्या वर असतो. बजेटही ओलांडत होतं. भाऊजींचा सल्ला चुकीचा नव्हता, तो पुण्याच्या वातानुकूलित ऑफिसातला होता.

दुकानदाराने दाखवलेला पातळ लॅपटॉप चाळीस हजारांचा. वर ठळक अक्षरांत रायझन ५, म्हणजे एएमडी कंपनीचा प्रोसेसर, ७००० क्रमांकाच्या मालिकेतला. इथे वाचकांनी जरा थांबावं, कारण या नावात बरेच जण फसतात. एएमडीच्या त्या मालिकेत प्रोसेसरची पिढी तिसऱ्या आकड्यावरून ओळखायची. ७५२०यू म्हणजे जुन्या झेन २ रचनेचा, चार कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग). ७५३०यू म्हणजे झेन ३, सहा कोरचा. नावात एका आकड्याचा फरक, कामात बराच. शिवाय ७५२०यू सोबत येणारी रॅम बोर्डावरच पक्की असते. आठ जीबीचा घेतला की तो कायम आठचाच. इंटेलकडेही वाचायची कला लागते : आय५-१२३५यू दहा कोरचा म्हणून विकला जातो, त्यातले मोठे दोन, बाकी आठ छोटे, बॅटरी वाचवणारे. तो वाईट नाही, पण दहा म्हटल्यावर डोळ्यापुढे जे येतं ते हे नव्हे.

तिसरा पर्याय व्यावसायिक श्रेणीतला नवा लॅपटॉप. थिंकपॅड, लॅटिट्यूड, प्रोबुक ही त्यातली ओळखीची नावं. थिंकपॅड १९९२ साली आयबीएमने आणला, २००५ पासून तो लेनोव्होकडे आहे. लॅटिट्यूड डेलचा, प्रोबुक एचपीचा. दिसायला काळे-करडे, साधे. यांच्याकडे माझा कल का, तर तिन्ही कंपन्या या मशीनांची सर्व्हिस मॅन्युअल खुली ठेवतात. खालचं झाकण कसं उघडायचं, पंखा कसा काढायचा, कोणता स्क्रू कुठला, सगळं चित्रांसह. तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्ती करणाऱ्या माणसाला याचा मोठा आधार असतो. पाहिलेल्या मॉडेलची किंमत ५४,५०० : ७५३०यू प्रोसेसर, आठ जीबी रॅम बोर्डावर आणि शेजारी एक खाच रिकामी. १,९०० रुपयांची आठ जीबीची पट्टी टाकली की सोळा.

चौथा पर्याय नागपूरच्या सीताबर्डीवर मिळणारे वापरलेले लॅपटॉप. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून काढतात, दुकानदार साफसूफ करून विकतात. टी४८० सारखा २०१८चा थिंकपॅड सोळा जीबीसह तिशीच्या आत मिळत होता. त्यात रॅमच्या दोन खाचा, आणि मागची बॅटरी मशीन बंद न करता बदलता येते. लाईनच्या दृष्टीने हे फार सोयीचं. उणं एवढंच की प्रोसेसर चार कोरचा, बॅटरीचं किती आयुष्य सरलं ते नशिबावर, आणि वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर.

निर्णय

खरी ओढाताण शेवटच्या दोन पर्यायांत झाली. माझं मन वापरलेल्याकडे होतं. मुलीचं नव्याकडे. तिचं म्हणणं असं होतं : "सर, सहा महिने ते माझ्यावर लक्ष ठेवणार. मशीन बंद पडलं तर त्यांना वाटेल मीच कामचुकार आहे. मला वॉरंटी पाहिजे." वडील ऐकत होते. ते म्हणाले, "बियाणं घेताना आपण पावतीवालंच घेतो ना. तसंच घ्या."

मी माझं म्हणणं रेटलं नाही. नोकरी तिची, धास्ती तिची. व्यावसायिक श्रेणीतला नवा लॅपटॉप घ्यायचं ठरलं, एक वर्षाच्या ऑनसाईट, म्हणजे घरी येऊन दुरुस्तीच्या, वॉरंटीसह. नेमका कोणता ब्रँड ते इथे लिहीत नाही, कारण पुढे त्याच्या सेवेबद्दल सांगायचं आहे, आणि एका घरच्या अनुभवावरून कुठल्याही कंपनीला चांगलं-वाईट ठरवणं बरोबर नाही.

दुसरा निर्णय जुन्या लॅपटॉपचा. एका माणसाने त्याचे चार हजार देऊ केले होते आणि घरात सगळ्यांचं मत विकून टाकण्याचं होतं. मी अडून बसलो. "हा घरात राहू द्या. उलट याच्यावर अडीच हजार खर्च करा." हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली, रॅम आठ केली, त्यावर लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. सात मिनिटांत सुरू होणारा डबा अर्ध्या मिनिटात सुरू व्हायला लागला.

कापूस ६,९०० ने गेला. हातात ६२,१०० आले. लॅपटॉप ५४,५००, रॅम १,९००, जुन्याची डागडुजी २,५००, यूपीएस १,३००, वायरिंग १,७००. बेरीज ६१,९००. उरलेले दोनशे रुपये वडिलांनी लेकीच्या हातावर ठेवले.

काय घडलं

एप्रिल ठीक गेला. मेच्या पहिल्या आठवड्यात फोन आला : सकाळी दीड मिनिटात होणारं बिल्ड दुपारी चार मिनिटं घेतंय. मी विचारलं, खोलीत किती गरम आहे? तिने भिंतीवरचा तापमापक पाहून सांगितलं, ४२. टिनाखाली दुपारी तीनची वेळ. प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग पाडत होता, यात मशीनचा दोष काहीच नव्हता. तिने कूलर थेट लॅपटॉपकडे वळवला होता आणि कळफलकावर पाण्याचे बारीक तुषार बसत होते. ते मी आधी थांबवलं. मग टेबल उचलून घराच्या जुन्या भागात नेलं, जाड मातीच्या भिंतींच्या खोलीत. तिथे दुपारीही पारा ३५-३६ च्या पुढे जात नव्हता. कंपनीशी बोलून तिने कामाची वेळ सकाळी सहापासून घेतली. जड बिल्ड दहाच्या आत उरकायची.

जुलैत मोठा धक्का बसला. कळफलकाची चार-पाच बटणं आपोआप दाबली जायला लागली. ऑनसाईट वॉरंटी असल्यामुळे आम्ही निवांत होतो. फोन लावला तर उत्तर आलं, तुमचा पिनकोड घरपोच सेवेत येत नाही, मशीन नागपूरला आणून द्या. खरेदीच्या वेळी बिलावर "ऑनसाईट" छापलेलं होतं, पण कोणत्या पिनकोडपर्यंत, हे दुकानदाराला विचारायचं मला सुचलं नाही. मुलगी एसटीने नागपूरला गेली, मशीन देऊन आली. परत मिळायला ११ दिवस लागले.

परीक्षेचा चौथा महिना. त्या ११ दिवसांत तिने चार हजारांत जाणार होता त्या जुन्या लॅपटॉपवर काम केलं. अँड्रॉइड स्टुडिओ आणि डॉकर त्याला झेपले नसते, म्हणून फक्त व्हीएस कोड ठेवला. कोड लिहायचा, कंपनीच्या सर्व्हरवर पाठवायचा, बिल्ड तिकडे व्हायचं, तयार अॅप फोनवर उतरवून तपासायचं. वेग कमी, पण एकही दिवस बुडाला नाही. तिच्या वरिष्ठांना मशीन दुरुस्तीला गेल्याचं तिने स्वतः सांगितलं, तेव्हा कळलं.

सप्टेंबरअखेर ती कायम झाली. कंपनीचा लॅपटॉप मात्र हातात यायला पुढचा फेब्रुवारी उजाडला, म्हणून कापसाचा हंगामही घरच्याच मशीनवर गेला.

दिवाळीनंतर वेचणीचा कापूस घरात यायला लागला. उन्हाळा सरल्यावर टेबल पुन्हा टिनाच्या खोलीत आलं होतं, कारण नेटवर्क तिथे चांगलं. डिसेंबरात पंखा घरघरायला लागला, बिल्ड चालू असताना प्रोसेसरचं तापमान ९६ अंशांवर जायला लागलं. तेही थंडीत. ती मशीन घेऊन केंद्रात आली. मी झाकण उघडलं. पंखा आणि तांब्याच्या नळीला जोडलेली पत्र्यांची जाळी, यांच्या मधोमध एक पट्टी बसलेली होती. चिमट्याने टोक धरून ओढलं तर ती अखंड बाहेर आली : बोटाएवढी लांब, करडी-पांढरी, नमद्यासारखी घट्ट. नखाने उकलून पाहिलं. आत कापसाचे तंतू, पऱ्हाटीच्या पानाचा चुरा, सरकीच्या टरफलाचा एक कण. पंख्याने महिनाभर खोलीतली रुई ओढून आत दाबून भरली होती. पट्टी काढल्यावर तेच बिल्ड ७८ अंशांवर झालं.

अठरा वर्षं मी याच पट्ट्यात लॅपटॉप उघडतो आहे. जिनिंगमधल्या ऑफिसचे संगणक असे भरलेले मी कितीदा पाहिलेत. तरी फेब्रुवारीत त्या खोलीत उभा असताना, समोर कापसाचा ढीग असताना, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. मी व्होल्टेज मोजत होतो.

वेगळं काय करता आलं असतं

कंपनीचा लॅपटॉप आला त्या दिवशी वडिलांनी मला विचारलेला प्रश्न अजून माझ्या मनात आहे. रागाने विचारलेला नव्हता. "सर, मंग आपण चौपन हजार कायले घातले?"

मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं की तीस हजारांच्या वापरलेल्या मशीनवरही तिचं काम बहुधा निभलं असतं. ज्या वॉरंटीच्या भरवशावर वरचे चोवीस हजार दिले, ती वॉरंटी गावापर्यंत आलीच नाही. वापरलेला लॅपटॉप बिघडला असता तर कळफलक मी केंद्रात एका दिवसात बदलला असता, कारण त्या जुन्या मॉडेलचे सुटे भाग नागपुरात सहज मिळतात. नवा उघडायला मात्र वॉरंटीच्या काळात हात धजत नाही. जिथे कंपनीचा माणूस पोचत नाही, तिथे नव्याचा फायदा निम्मा होतो. हे गणित मी फेब्रुवारीत मांडायला हवं होतं. मी मांडलं नाही, कारण वॉरंटी आहे म्हटल्यावर माझाही विचार तिथेच थांबला.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. वापरलेल्या मशीनची बॅटरी कशी निघाली असती, सांगता येत नाही. आणि मुलीच्या मनाला जो धीर नव्या मशीनने दिला, त्याची किंमत मी तिच्या जागी बसून करू शकत नाही. पहिल्या दोन महिन्यांत ती रोज रात्री अकरापर्यंत शिकत बसायची. मशीनची धास्ती नव्हती म्हणून ते जमलं, असं ती म्हणते, आणि मला ते पटतं.

आज असंच कुणी आलं तर मी तीन गोष्टी वेगळ्या करीन. बिल फाडण्याआधी कंपनीच्या नंबरवर फोन लावून गावाचा पिनकोड सांगेन, आणि घरपोच सेवा मिळते की नाही ते लेखी, निदान मेसेजवर, मागेन. घर पाहताना प्लगच्या आधी खोली पाहीन : छत कशाचं, धान्य-कापूस कुठे पडतो, कूलरचं तोंड कुणीकडे. आणि पंखा नसलेल्या मशीनचा विचार कापसाच्या घरासाठी पुन्हा करीन, सोळा जीबीत आणि ऐपतीत बसत असेल तर. मॅकबुक मी तेव्हा खोडला तो आठ जीबीमुळे आणि किमतीमुळे. ती कारणं बरोबर होती. पण त्याची जी बाजू आमच्या घरांना सगळ्यात जास्त लागू पडते, ती मी तोललीच नव्हती.

जे बदलणार नाही ते जुन्या मशीनचं. दोन मशीनं घरात असणं ही चैन वाटते, पण जिथून सेवा केंद्र दीडशे किलोमीटरवर आहे तिथे ती गरज आहे. अडीच हजारांनी अकरा दिवसांची नोकरी वाचवली.

घरचा लॅपटॉप आता धाकट्या भावाकडे आहे, तो बीसीएला आहे. जुना लिनक्सवाला अजून चालतो. वडील त्यावर बाजारभाव आणि पावसाचा अंदाज पाहतात.

२०२५ची दिवाळी झाल्यावर मी त्यांच्याकडे फराळाला गेलो होतो. टिनाची खोली रिकामी होती, टेबल पुसलेलं, खिडकीला बारीक जाळी मारलेली. कापूस पुढच्या ओसरीत, ताडपत्रीखाली. मी त्याच्याकडे पाहतोय हे वडिलांच्या लक्षात आलं. म्हणाले, "आता तिकडं नाई टाकत सर. पोरगं बसते तिथं कामाले."